करंगळीची जागा

"वल्हं नाहीये ते," इंगा म्हणते
आणि माझ्या मुठीवर टिचकी मारते.
सोळा वर्षांची पोर, फूबिस्टरांची धाकटी.
आमच्या ऑर्कनीतल्या या चिमुकल्या बेटावर
नऊ होलांचं एक मैदान आहे,
तिथलं गवत कापणारी, पैसे घेणारी, मेंढ्या हाकलणारी,
आणि दर मंगळवारी शाळा सुटल्यावर
माझी गुरू.

मी एकाहत्तर.
चव्वेचाळीस वर्षं खेकड्यांचे पिंजरे ओढले.
गेल्या हिवाळ्यात बोट विकली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चालत जा कुठेतरी.
कुठेतरी म्हणजे कुठे?
इथे कुठल्याही बाजूला चालायला लागा,
पाऊण तासात समुद्रच येतो.

आधी डावा हात.
"तळव्यात नाही, बोटांत धरा.
बोटांच्या मुळाशी, अशी तिरकी.
आणि मुठीवर आपण महिने मोजतो ना,
त्यातले दोनच उंचवटे दिसायला हवेत वरून."
मला चारही दिसतात.
जानेवारी ते जुलै, सगळे पकडून बसलोय.

मनगट जरासं वळवते ती.
अंगठा दांड्यावर, किंचित उजवीकडे.
मग उजवा तळवा त्या अंगठ्यावर,
थंडीत झाकावा तसा.
"आणि आता उजवी करंगळी
डाव्या तर्जनीच्या मागच्या खाचेत..."

थांबते.
करंगळी नाहीये तिथे.
विंचने नेली, इंगाची आई शाळेत होती तेव्हा.
पोरगी कानापर्यंत लाल.
मी म्हणतो, अगं, मासे खाऊन विसरलेसुद्धा तिला.
हसत नाही. खाली वाकून
उगाच टी नीट करत बसते.

"पक्ष्याचं पिल्लू धरल्यासारखं धरा," म्हणते मग.
"सगळे असंच शिकवतात."
कुठला पक्षी?
लहानपणी कड्यावरून उतरून
फुल्मारचं पिल्लू धरलं होतं मी एकदा.
धरलं तर ओकतं, सोडलं तर खाली खडक.
असलं तेल ओकलं अंगावर
की आईने कोट परसात जाळला.
आता हसते. डोळे पुसते बाहीने.
"मग कोकराचा कान धरा.
पण इतकं घट्ट कशाला?"

वारा होता. तिसऱ्या होलचं निशाण
फडफडत होतं एकसारखं.
मी म्हटलं नाही काही.
एकदाच सैल धरला होता दोर मी,
आणि दुसऱ्या टोकाला एर्लंड होता.

तिला ठाऊक आहे. बेटावर सगळ्यांनाच ठाऊक असतं,
भरती-ओहोटीच्या वेळांसारखं.
विचारत नाही कुणी.
ती फक्त माझी बोटं सोडवायला लागते,
एकेक, ओली गाठ सोडवावी तशी,
नखं न लावता.

"करंगळी नाही तर तिच्या शेजारणीला
चढवू वर," ती म्हणते.
शेजारीण म्हणजे अनामिका.
नाव नसलेली, पण असलेली.
त्या खाचेत ती बसते
अवघडून,
दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखी.

"आता मारा. आणि हातचं थोडं राखून."

पहिल्यांदा हवाच कापली.
दुसऱ्यांदा गवत उडालं, वहाणेएवढं.
तिसऱ्यांदा खट्ट.
बॉल गेला चाळीसेक पावलं,
बेडकासारखा, मेंढ्यांत.
एका मेंढीने मान वर केली,
बघितलं, पुन्हा चरायला लागली.

आणि मी बघतो तर
दांडा माझ्या हातातच.
सैल धरलेला,
आणि हातातच.

बराच वेळ तसाच उभा राहिलो असणार मी,
कारण इंगाने जाऊन बॉल आणला,
मेंढीची लेंडी पुसली त्याची,
आणि म्हणाली, "पुढच्या मंगळवारी पाय.
उभं कसं राहायचं ते."
ते येतं मला, मी म्हणालो,
चव्वेचाळीस वर्षं उभाच होतो.
"ते बोटीवर," ती म्हणाली,
पिशवी खांद्याला लावत.
"इथे जमीन हलत नाही.
ती सवय वेगळी."