दोन-अ

डॉक्टर मगदूम म्हणाले, टप्पा दोन, त्यातला अ.
मी विचारलं, अ म्हणजे चांगला का?
आमच्याकडे अ म्हणजे लांब मण्याचा, हिरवा,
डाग नाही, काडी नाही,
तासगावच्या सौद्यात ताट पुढं आलं
की ज्याच्यावर चार हात एकदम पडतात, तो.
ते हसले. तसा नाही, म्हणाले. पण वाईटही नाही.

एकवीस वर्षं मी बेदाणा निवडते,
कोल्ड स्टोरेजला लागून असलेल्या शेडात, पट्ट्यासमोर उभी.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली.
गेल्या माघात डावी पापणी मिटायला लागली.
दुपार कलली की एका मण्याचे दोन दिसायचे
आणि बोटं नेमका खोटा उचलायला जायची.
हुसेनबी म्हणाली, राजमती, उभ्या उभ्या झोपतीस काय गं?
मुकादमानं दोन दिवसांचा पगार कापला.

डोळ्यांच्या डॉक्टरनं मेंदूच्या डॉक्टरकडं धाडलं,
त्यानं छातीचा फोटो काढायला मिरजेला.
पापणीचं दुखणं छातीच्या हाडामागं निघालं.

थायमस. लहानपणी ती मोठी असते, मगदूम सांगत होते,
वय वाढेल तशी सुकत, सुरकुतत जाते.
बेदाणा होतो म्हणा की, मी म्हटलं.
हो, म्हणाले.
तुमचा झाला नाही.

छाती मधोमध उघडून काढली.
परत जोडताना पोलादाच्या सहा तारा घातल्या.
सावळजला भावाच्या बागेत मांडवाला ताणतात तशा,
फक्त यांच्यावर काही चढवायचं नाही.
कूस बदलली की त्यातली एक, बहुतेक खालून दुसरी,
अजून कुरकुरते.

रिपोर्ट इंग्रजीत. स्टँडसमोरच्या रसवंतीत
कांचननं एकेक ओळ लावून दाखवली.
गाठ साडेपाच सेंटिमीटर.
वजन किती गं, विचारलं तर म्हणाली, आई, गप.
गाठीला साल होती.
सालीच्या आत राहिली असती तर टप्पा एक.
एका जागी, दुर्बिणीलाच दिसावं एवढं,
ती बाहेर डोकावली होती.
नुसत्या डोळ्यांना दिसली असती तर ब.
फुप्फुसात शिरली असती तर तीन.
चौथ्याचं तिनं सांगितलं नाही
आणि मी ग्लासातला बर्फ ढवळत बसले.

उललेला मणी मला ठाऊक आहे.
बघून कळत नाही. बोटाला जरासा चिकट लागतो, एवढंच.
तो काळ्यात टाकायला जीव होत नाही
आणि पेटीत घालायला हात धजत नाही,
बुरशी आधी त्यालाच धरते.
त्यांच्यासाठी मी एक वेगळी पाटी ठेवायचे.
ही कुठली प्रत, मुकादम ओरडायचा.
बघू, म्हणायचे.

मगदूमही तेच म्हणाले.
कडा मोकळ्या आहेत, शेक द्यायचा की नाही ते बघू.
ही गाठ सावकाश चालणारी,
दहा वर्षांनीही माघारी येते कधी,
म्हणून दरसाल फोटो.
पण शंभरातल्या नव्वदच्या आसपास माणसं
दहा वर्षांनंतरही असतात, बाई.

शंभर किलोला दहा किलो घट
आम्हीही धरूनच चालतो.
ती कुणाच्या पाटीतून निघाली
ते वहीत कुणी लिहीत नाही.

दहा वर्षांनी मी सत्तावन्नची.
कांचनचं लग्न झालेलं, किंवा नाही. तिचं ती बघेल.

सांगलीहून तासगावची गाडी. बुधगाव. कवलापूर.
पाट्या वाचून बघत होते, एकेरी दिसतात का.
समोर एका बाईच्या मांडीवर दोनेक वर्षांची पोर झोपलेली,
तोंड उघडं, छाती भराभर वरखाली.
तिच्यात ती आता चांगली टपोरी असेल,
जिथं असावी तिथं, जेवढी असावी तेवढी.

पिशवीत मूठभर बेदाणा होता, तो तिच्या आईला दिला.
आईनं एक चावून बघितला,
मग विचारलं, सध्या काय भाव चाललाय?
मी आमचा, शेडातला, खरा भाव सांगितला.