काड्यापेटी

मी फक्त जीप चालवायचो.
एकवीस वर्षं मिस्केच्या खोऱ्यातले धोंडे, कोरडे ओढे,
मागच्या सीटवर तिचे तक्ते, कर्णा,
आणि तिच्या मांडीवर रिकाम्या काड्यापेट्यांचा खोका.
नेमेसिया बोलायची. मी झाडाखाली झोपायचो.
तरी भाषण पाठ झालंच:
विंचुका भिंतीच्या भेगेत राहते,
दिवा विझला की उतरते,
ओठाशी, डोळ्याशी हलकेच चावते,
दुखत नाही. हीच तिची लबाडी.
मग वीस वर्षांनी, पाठीवर बटाट्याचं पोतं असताना
काळीज मध्येच थांबून विचारतं,
किती राहिलंय अजून?

पोरांना ती एकेक काड्यापेटी द्यायची.
किडा सापडला तर आत घाला, वर घराचं नाव लिहा.
पुढच्या खेपेला पेट्या परत यायच्या,
आतून खरवडत.

सुरुवातीला ती सांगायची, भिंती लिंपा,
भेगा बुजवा, कोंबड्या बाहेर बांधा.
लोक माना डोलवायचे, आम्ही पुढच्या गावाला.
एकदा चिरिपाम्पात दोन्या व्हिसेंता उठली,
गालात कोकाची पानं, आवाज बसलेला.
"पोरी, माझं घर मातीचं आहे
हे मला तू सांगतेस?
हा चिखल माझ्या नवऱ्यानं पायांनी तुडवलाय.
तो गेला, चालता पंप बंद पडावा तसा.
आम्हाला घाबरायला शिकवलंस, छान शिकवलंस.
ज्यांनी घाबरायला हवं
त्यांची शाळा कधी भरवणार?"

परतताना चाक वाळूत रुतलं.
नेमेसिया उतरून ढकलू लागली,
तासभर एक शब्द नाही.
मग कपाळावरचा घाम पुसत म्हणाली,
"तेओदोरो, उद्या कोचाबांबाला जायचंय.
पेट्या बरोबर घे."

तिथून तिची दुसरी नोकरी लागली, बिनपगारी.
उंबरठे झिजवले म्हणतात, पण त्या कचेरीला
संगमरवर होता. झिजल्या तिच्या चपला.
पुढची तिमाही. वरून आदेश नाही. साहेब दौऱ्यावर.
अखेर एक साहेब सापडला. हसून म्हणाला,
"बाई, तुम्ही आरोग्यशिक्षिका. शिकवा ना."
"तेच करतेय," ती म्हणाली,
आणि काचेच्या टेबलावर एक पेटी ठेवली.
"उघडू नका. नुसतं ऐका."

गोळ्या आल्या, आधी लहान मुलांपुरत्या.
बाळंतिणींचं रक्त तपासू लागले.
इसिद्रोच्या छातीतलं यंत्र मंजूर झालं
त्याला पुरल्यावर आठ दिवसांनी.
ते कागद तिनं फाडले नाहीत,
दर सभेत पहिल्यांदा तेच वाचायची,
तारखांसकट.

आणि गवंडी फाउस्तो. रक्तात दोष निघाला म्हणून
कंपनीनं त्याला फाटकावरूनच परत पाठवलं.
तीन वर्षं ती त्याच्यासाठी भांडली, जिंकली.
तो आज तिला ओळख दाखवत नाही.
म्हणतो, तुझ्यामुळे माझा आजार
अख्ख्या बाजाराला कळला.
ती म्हणते, खरंय त्याचं.
विचारून बोलायला हवं होतं.
असं म्हणताना ती खिडकीबाहेर बघते,
बाहेर काहीही नसलं तरी.

काल तिचा शेवटचा दिवस.
डोक्यावर रंगीत कागदांची फुलं उधळली,
मक्याची चिचा फिरली, सरपंच जरा जास्तच बोलला.
मी जीप सुरू करून बसलो होतो.
ती आली, केसांत अजून गुलाबी कपटे,
पुढच्या सीटवर बसली, पहिल्यांदाच पुढे,
आणि पिशवीतून सुई काढली.

"एकवीस वर्षं झाडाखाली झोपलास.
कुठल्या गावचा तू, तेओदोरो?
भिंती कसल्या होत्या तुमच्या?"

मी इंजिन बंद केलं.
"बोट दे," ती म्हणाली.