समित्यांच्या रचनेबाबत टिपणी

नव्या मुख्याधिकारी बाईंची चिठ्ठी आली:
विषय समित्या नीट बसवल्यात का, तपासा.
सोमवारपर्यंत टिपणी. दोन पानं पुरे.

मी सभा लिपिक. क वर्ग नगरपालिका, जिल्हा परभणी.
एकोणीस वर्षं लोकांची भांडणं
‘चर्चेअंती सर्वानुमते’मध्ये गुंडाळून ठेवतोय.
कपाट उघडलं. रॉकेलचा वास.
वाळवी लागू नये म्हणून शिपाई निवृत्ती
दर उन्हाळ्यात पुठ्ठ्यांना फडकं फिरवतो.
आत काय लिहिलंय ते त्यानं कधी विचारलं नाही,
मीही नाही.

सहा समित्या. कागदावर सहा सरळ रकाने.
बांधकामाच्या बैठकीला खुर्च्या कमी पडतात,
चिवडा दोनदा मागवावा लागतो.
महिला व बालकल्याणचं रजिस्टर घरोघर फिरून येतं,
सह्या सात, वळण दोनच हातांचं,
दोन्ही हात पुरुषांचे.
आरोग्य समिती डेंग्यूनंतर भरते.
देयकांवर देखरेख ठेवतो कंत्राटदाराचा मेव्हणा,
आणि मी खाली लिहितो, गणपूर्ती झाली.

मग फीत सुटलेली एक फाईल सापडली.
अर्जदार जरीनाबी खाजामियाँ. नळाला पिवळं पाणी.
पाणीपुरवठा म्हणते, पाइप नालीतून गेलाय, नाली आरोग्याकडे.
आरोग्य म्हणते, आम्ही उपसतो, बांधली आम्ही नाही.
बांधकाम म्हणते, नाली पक्की आहे, पाइप नंतर घुसला.
पाणीपुरवठा म्हणते, विषय यापूर्वीच निकाली.
चौदा महिने.
प्रत्येक पान माझ्या अक्षरात, रेघ न सोडता.
याच अक्षरासाठी पाचवीत मला कंपासपेटी मिळाली होती.

शनिवारी सायकल काढली.
कोनाड्यात बाटल्या ओळीनं उभ्या,
प्रत्येकीला पट्टी, पट्टीवर पोराच्या अक्षरात तारीख.
“ये ईद का, ये पोळे का, ये पोता हुआ उस दिन का.
तुमकू कौन भेजा, साब?”
मला उत्तर सुचेना.
कोपऱ्यावर वालमन घनसावंत उकिडवा बसून चावी फिरवत होता.
कुठं सांधा फुटलाय, त्यानं काडीनं मातीत काढून दाखवलं.
“इतके दिस बोल्ला का न्हाई?”
“बैठकीला आमाला कोन बलवतंय, सायब.
बाहीरच्या बाकड्यावर बसवत्यात. च्या मिळतो.”

टिपणीत लिहिलं:
जिथं काम तीन समित्यांचं, तिथं तिघींनी एकत्र बसावं.
ज्याचं काम तपासायचं, त्याचा नातलग तपासायला नसावा.
वालमनला आत बोलवावं, खुर्ची द्यावी.
अर्जदाराला तारीख कळवावी.
चार पानं झाली.
बाईंनी दोन काढली, पेन्सिलीनं, हळूच.
“पुढच्या वेळी घेऊ,” म्हणाल्या. डोळे वर केले नाहीत.

सर्वसाधारण सभा. ऐनवेळचा विषय, क्रमांक अकरा.
मी जरीनाबीची एक बाटली टेबलावर ठेवली होती.
अध्यक्षांनी ती बाजूला सरकवली,
तिथं बशी आली.
ठराव: टिपणीचा अभ्यास करण्यासाठी उपसमिती नेमावी.
सूचक, अनुमोदक, दोघं मोबाइलवर.
सर्वानुमते मंजूर.
उपसमितीचा सचिव मीच.

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो.
ठरावाखाली, जिथं मी नेहमी आडवी रेघ मारतो,
तिथं एक वाक्य लिहिलं
जे सभेत कुणीच बोललं नव्हतं:
‘टेबलावरच्या बाटलीतलं पाणी पिवळं होतं.’

पुढल्या महिन्यात विषय क्रमांक एक,
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचलं कुणी नाही.
कायम झालं.
निवृत्तीनं पुठ्ठा चढवला, कपाटात ठेवलं.
बाटली मात्र परत द्यायला गेलो नाही अजून.