डिपर

अंबडच्या शोरूममधला प्रज्योत
किल्ली हातात देताना म्हणाला,
मॅडम, रात्री तुम्ही काहीच करायचं नाही.
आरशामागं कॅमेरा आहे.
समोरून गाडी आली की दिवे आपले आपण खाली,
गेली की आपले आपण वर.
मी म्हटलं, बरं.
दिवसभर लोकांच्या जबड्यात दिवा धरणाऱ्या बाईला
तेवढाच एक दिवा कमी.

मंगळवारी दिंडोरीचं क्लिनिक.
शेवटची अक्कलदाढ हटून बसली,
निघायला साडेदहा.
काचेला आतून वाफ. डॅशबोर्डवर
दिव्याचं चिन्ह, त्यात एवढासा ए.
रस्ता लांबवर पांढरा झाला,
बाजूच्या बागांत कागद गुंडाळलेले घड
झोपल्या पोरांसारखे.

ट्रक आला. गाडीनं मान खाली घातली.
ट्रक गेला. मान वर.
माझा हात मांडीवरच.
डावा पाय मात्र चटईवर
उगीच काहीतरी चाचपत राहिला.

पुंजाकाकाच्या मॅटाडोरला डिपर पायात होता.
क्लचच्या डावीकडं लोखंडी बटण,
चवड्यानं दाबलं की खट्ट.
गिरणाऱ्याहून टोमॅटो भरून पहाटे तीनला निघायचो,
मी नऊ वर्षांची,
इंजिनाच्या गरम झाकणावर, गोधडीत.
एकदा खट्ट म्हणजे, या.
दोनदा म्हणजे, पुढं आरटीओ उभाय.
समोरच्यानं दिवा नाहीच उतरवला
तर काका माझ्याकडं बघून शिवी अर्धीच द्यायचा,
उरलेली अर्धी पायानं.
डोळ्यात दिवा मारणं म्हंजी
बोलताना थुंकी उडवणं, म्हणायचा.
या गाडीला तर क्लचच नाही.

ढकांबे मागं पडलं.
वळणावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स,
चारी बाजूंनी एलईडीच्या माळा, हात जोडलेले.
गाडी त्यांच्यापुढंही नम्र झाली.
मी हसले, एकटीच.
उसाच्या ट्रॉलीमागची लाल पट्टीसुद्धा
तिनं बरोबर ओळखली.

मग ती माणसं.
सात असतील, आठ.
बागेतलं काम उरकून पालाकडं निघालेली,
सुरगाण्याकडची असावीत,
पांढऱ्या रेषेवरून एकामागं एक,
डोक्यावर पातेलं, काखेत पोर,
बॅटरी कुणाकडंच नाही.
आणि गाडीची मान ताठ.
सगळा उजेड सरळ त्यांच्या तोंडावर.
कॅमेऱ्याला दिवा कळतो.
पुढच्या बाईनं हात आडवा धरला,
पातेलं डळमळलं,
मागच्या सगळ्या जागीच उभ्या राहिल्या,
साहेब आल्यावर राहतात तशा.

खुर्चीत कोणी आडवं झालं
की मी दिवा आधी हनुवटीवर आणते,
मग हळूच ओठांवर.
सतरा वर्षं हात हे आपणहून करतात.

दांडी ओढली. पुढं की मागं, आठवेना.
आधी वायपर फिरला कोरड्या काचेवर, करकरत,
मग पाणी उडालं,
मग कुठंतरी बारीक खट्ट.
उजेड त्यांच्या पायांशी जाऊन पडला.
चपला दिसल्या. एकीच्या दोन वेगवेगळ्या.
रांग पुन्हा हलली.
बाईनं हात खाली घेतला,
माझ्याकडं बघितलं की नाही
ते मला आता दिसत नव्हतं.

सकाळी मेसेज येईल,
फीचर कसं वाटलं, एक ते पाच.

म्हसरूळपर्यंत दांडी धरूनच आणली गाडी.
अलीकडं एक सायकलवाला भेटला,
मफलर गुंडाळलेला, दूध नाहीतर पेपर,
अंधारातून अंधारात.
त्याच्यासाठी दिवा मीच उतरवला.
जवळून जाताना त्यानं घंटी वाजवली.
एकदा.