दोनदा भाजलेलं

ब्रिओलांज, दार उघडं होतं म्हणून आत आलो.
भट्टी तीच. राखेचा वासही तोच.
लाकडाच्या मोळ्या वाहणारा पोर मी,
ओळखशील कशी, तोंडात सात दात उरलेत.

तू म्हणायचीस, समुद्रावर जाणारं अन्न
दोनदा भाजावं लागतं,
एकदा भुकेसाठी, एकदा अंतरासाठी.
आणि प्रत्येक चकतीवर अंगठा दाबायचीस,
धक्क्यावरच्या मापाड्याला कळावं
माल कुठल्या भट्टीचा.
तो अंगठा मी पाहिलाय विषुववृत्ताखाली,
जिथे आपल्या गल्लीतलं कुणी
मरायलासुद्धा गेलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात आम्ही अंधारात जेवू लागलो.
उजेडात चकती फळीवर आपटली
की सोंडे बाहेर पडायचे सावकाश,
घरमालकासारखे.
अंधारात नुसतं थोडं कडू लागायचं.
पाणी नाक दाबून.
उंदराचा भाव चढत गेला तेव्हा
तांडेल म्हणाला, बाजार तेजीत आहे.
कुणी हसलं नाही.
हसायला हिरड्या लागतात.

मग वारा गेला.
एकवीस दिवस.
फटींतलं डांबर वितळून तळव्यांना चिकटायचं,
शिडं लोंबत होती विसरलेल्या धुण्यासारखी.
वाळूचं घड्याळ उलटणारं पोर
तेवढंच काय ते जहाजावर हलत होतं.
ध्रुवतारा कधीच बुडाला होता.
सुकाणूवाला सवयीनं त्या दिशेला बोट करायचा,
मग हळूच खाली घ्यायचा.

आता लोपोचं सांगतो.
तू विचारणार नाहीस, ठाऊक आहे.

त्या आजाराला आमच्यात नाव नव्हतं.
पाय काळे पडतात, दात हातात येतात,
आणि भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात.
लोपोच्या मनगटावरचा डाग आठवतो?
सहा वर्षांचा होता, भट्टीच्या दाराला हात लागला,
तू ऑलिव्हचं तेल चोळत रात्रभर बसली होतीस.
वीस वर्षांनी ती जखम उघडली,
तशीच लाल, तेवढीच.
तो तिच्याकडे बघत म्हणाला,
घर जवळ आलंय वाटतं.

त्याला चावता येत नव्हतं.
मी चावायचो त्याचा वाटा,
मऊ झाला की बोटानं त्याच्या जिभेवर ठेवायचो,
पक्षिणी करते तसं.
तीन दिवस.
चौथ्या दिवशी, ब्रिओलांज,
मी चावलं
आणि गिळलं.
तो तोंड उघडून वाट पाहत होता.
पाचव्या दिवशीही गिळलं.
सहाव्या दिवशी त्यानं तोंड उघडलं नाही.

शिडाचं कापड ठिगळांना पुरत नव्हतं,
म्हणून बिस्किटांच्या रिकाम्या गोणीत शिवला त्याला.
शिवण माझी, वाकडी आली.
त्याची लोकरीची टोपी डोलकाठीपाशी लिलावात गेली,
नऊ रेआलला. मी बोली लावली नाही.
माझ्याकडे दहा होते.

दोन आठवड्यांनी जमीन दिसली.
नकाशावर त्या भूशिराला
कुठल्याशा संताचं नाव दिलंय.
तिथे लिंबं होती. रानात, फुकट.
जमिनीवर पडून सडत होती.

तू कणीक मळतेच आहेस.
धक्क्यावर ऐकलं, वसंतात पुन्हा सात जहाजं निघणार,
शंभर गोणी तुझ्याकडून.
तुझा अंगठा खाली जातो, वर येतो,
एका चकतीवर थोडा जास्त रेंगाळतो.
मग माझ्याकडे न बघता विचारतेस,
बुरशी धरली होती का?

नाही, ब्रिओलांज.
सोंडे होते. बुरशी नव्हती.
नीट भाजलेलं होतं.