खिडकीची पाकिटं

केसची सुरुवात खिडकीपासून करायची असते.
संध्याकाळ, पार्किंगमध्ये शेवटची गाडी,
आणि कुणी वरिष्ठ अधिकारी काचेतून बाहेर बघतोय :
सोमवारी बोर्डाची मीटिंग, काय करावं?
पहिल्या परिच्छेदात एवढं बसलं
की पुढची अठरा पानं मुलं निमूट वाचतात.

मी लिहिलं, हेलन ब्रूक्स खिडकीशी उभी होती.

तिचं खरं नाव लॉरेन पिएत्शाक.
होलिओकला, कालव्याकाठच्या विटांच्या गिरणीत
दुसऱ्या मजल्यावर ती हिशेब बघते, ट्यूबलाइटखाली.
तिच्या खोलीला खिडकी नाही.
खाली मात्र दिवसाला चाळीस लाख खिडक्या बनायच्या,
वीजबिलांच्या, दवाखान्यांच्या लांबट पाकिटांना
ती पारदर्शक चौकट, जिच्यातून
आपलंच नाव आपल्याकडे बघतं.
आता बिलं फोनवर येतात.
चारातली तीन मशीन ताडपत्रीखाली.

चौथं मला एफ्राइननं दाखवलं.
एकतीस वर्षं तो डिंकाची धार सांभाळतोय,
जाड झाली तर आवाजावरून कळतं, म्हणाला.
निघताना नापास पाकिटांचा गठ्ठा दिला,
खिडकी बोटभर सरकलेली.
‘पत्ता दिसणार नाही. बाकी पाकीट पक्कं आहे.’
मी त्यात किराण्याच्या पावत्या ठेवते.

मग बॉस्टनला येऊन वेषांतर.
नाव बदललं, गाव बदललं, पाकिटांचे खोके केले.
कंपनीची अट होती, आकडे ओळखू येता कामा नयेत.
त्याला साधी युक्ती असते :
सगळं एकाच संख्येनं गुणायचं.
विक्री गुणिले शून्य दशांश सात.
कर्ज, घसारा, पेन्शनची देणी,
गुणिले शून्य दशांश सात.
कामगार दोनशे बारा.
गुणिले शून्य दशांश सात
एकशे अठ्ठेचाळीस दशांश चार.

मी एकशे अठ्ठेचाळीस लिहिलं.

मसुदा सहीसाठी लॉरेनकडे गेला.
सही होऊन आला, आणि पहिल्या पानावर पेन्सिलीनं :
‘मला खिडकी नाहीये. असू दे, हेलनला असू दे.’

फेब्रुवारी. नालेच्या आकाराचा वर्ग, नव्वद जण,
बुटांचा बर्फ खुर्च्यांखाली विरघळतोय.
प्रोफेसर हॅव्हरकँप एकीकडे बोट करतात :
तुम्ही हेलन. बोला.
आठ टक्क्यांनी मोजलं तर कारखाना चालवावा,
दहानं मोजलं तर बंद.
माझे वडील सांगलीच्या बँकेत याला वटणावळ म्हणत,
उद्याचा रुपया आज मोडला तर हातात किती पडतो.
मधल्या दोन टक्क्यांत
एक गाव मावतं, हे ते म्हणाले नव्हते.
त्यांच्याकडे हुंड्या यायच्या, गावं नाही.

तिसऱ्या रांगेतली मुलगी म्हणाली, दहा.
पेन्शनचा खड्डा दाखवला, दर वर्षी किती खोल होतो तेही.
हुशार होती. बरोबरही होती.
तिच्या जागी मी असते तर दहाच म्हणाले असते,
जरा हळू आवाजात, एवढंच.
बंदच्या बाजूनं एकसष्ट हात, चालूच्या सत्तावीस,
दोघं नोकरीच्या मुलाखतीला गेलेले.

शेवटी दुसरा भाग वाटतात, एकच पान :
हेलननं जूनमध्ये कारखाना बंद केला.
सप्टेंबरात राजीनामा दिला.
पान अर्ध्याहून जास्त कोरं.
लॅपटॉप मिटल्याचे आवाज, आणि फळा वर सरकला,
खालून दुसरा स्वच्छ फळा आला.

शाळेत शिकवलं होतं, उरलेलं हातचं धरायचं
आणि पुढच्या घरात मिळवायचं.
दशांशाला हातचा म्हणत नाहीत, ठाऊक आहे.
तरी ते दशांश चार माझ्या हातचे आहेत
आणि पुढचं घर सापडत नाही.

नव्या आवृत्तीसाठी संपादकाची चिठ्ठी आली आहे :
हेलनला खिडकीतून काय दिसतं,
कृपया एका वाक्यात लिहा.

लिहिलं : पार्किंगमध्ये कुणीतरी उभं होतं.
‘कुणीतरी’ खोडलं.
मग परत लिहिलं.