सातचा आकडा

माझगावच्या उतारावर, बेकरीच्या भिंतीला पाठ लावून
आमचं देऊळ उभं आहे.
वेदी एक, मंडळ्या चार.
सकाळी आठला मराठी, दहाला तमिळ,
दुपारचा पाव भाजल्याचा वास खिडक्यांतून शिरतो तेव्हा तेलुगू,
आणि दिवे लागल्यावर हिंदी; तिच्यात सगळ्यांची नातवंडं.

मी शांतवन पाटोळे. किल्ल्या माझ्याकडे.
बाकं पुसतो, दानाच्या पिशव्या उलट्या करून झटकतो,
तबल्यावर कापड घालतो, ड्रमवरचं काढतो,
आणि भिंतीवरच्या फळीत गीतांचे नंबर बदलतो.
आकडे लाकडी, इंग्रजी.
तेवढेच चौघांना सारखे वाचता येतात.
चाल तीच, नंबर मात्र ज्याचा त्याचा:
आमचं सत्तेचाळीस तमिळमध्ये एकशे सत्तर,
तेलुगूत आणखी काही.

भांडणं होतात. नाही कशाला म्हणू?
पंख्यांचं बिल, चपलांची जागा, लांबलेला उपदेश.
ज्ञानदुराई वडील पायरीवर उभे राहतात,
घड्याळाकडे बघत नाहीत,
नुसतं मनगट चोळतात.
प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही भाकर मागतो, हिंदीवाले रोटी,
तमिळ-तेलुगू साधा आहार.
"म्हणून त्यांना आधी मिळतो,"
सुवार्ताबाई म्हणते, आणि रांगेत
त्यांच्याच मागे बशी घेऊन उभी राहते.

रिबकाबाई रणभिसे पेटी वाजवायच्या, चारही मंडळ्यांची.
भाषा एकच यायची, नगरकडची.
बाकीच्या तिन्हींत त्यांना फक्त कळायचं
लोक श्वास कुठे घेतात ते.
शेवटी शेवटी डोळे गेले.
मग उपासनेआधी मी आकडे त्यांच्या हातात द्यायचो.
अंगठ्याने चाचपून त्या ओळखायच्या.
तीन आणि आठमध्ये गोंधळ व्हायचा.
सात आला की हसायच्या:
"हा आकडा नव्हे रे शांतवना,
ही मेंढपाळाची काठी."

लेंतच्या तिसऱ्या आठवड्यात त्या गेल्या.
मुलगा मस्कतला.
आमच्या मंडळीतले धडधाकट खांदे
बदलापूर-विरारकडे पांगलेले.
येसुपादमची पोरं आली, गोदीत माल चढवणारी.
चाळीच्या जिन्याला वळणावर पेटी उभी धरावी लागते
हे त्यांना कुणी सांगितलं नाही.
झाकण लावण्याआधी मी म्हणालो,
थांबा, फुलं नीट करतो.

पुढच्या रविवारी सात सापडेना.
कमिटी बसली.
इतिवृत्तात लिहिलं: एक आकडा गहाळ.
मराठीवाल्यांनी तमिळांकडे पाहिलं,
तमिळांनी हिंदीच्या पोरांकडे,
तेलुगूंनी वेदीखालचा गालिचा उचलून झटकला,
त्यातून कुणाचं तरी कानातलं निघालं.
सुताराने साठ रुपये सांगितले. मंजूर झाले.
मला विचारलं. मी म्हणालो, बघतो.
खोटं बोललो नाही.
खरंही बोललो नाही.
त्या दिवशी प्रभुभोजनाचा प्याला
माझ्यापर्यंत आला तेव्हा हात जड झाला होता.

तेव्हापासून फळीत चारच्या शेजारी नुसती खाच.
पहिले काही रविवार लोक माना वळवायचे.

पुनरुत्थानाच्या पहाटे चारही मंडळ्या अंगणात जमतात,
वर्षातून एकदाच. फळी मी बाहेर आणून टांगतो,
एका ओळीत चार नंबर, चार पुस्तकांचे.
यंदा त्यांतल्या तिघांत सात होता.
नवे पाळक चेरियन कानाशी येऊन म्हणाले,
भाऊ, हे अर्धंच लावलंय.
मी काही बोलायच्या आत
पानं उलटल्याचा आवाज आला, सगळीकडून.
ज्ञानदुराईंनी नातवाला उचललं,
त्याचं बोट रिकाम्या खाचेत ठेवलं:
एळु.
मागून येसुपादम, एडु.
आणि सुवार्ताबाई, चश्मा शोधता शोधता, सात.
पेटीवर हल्ली एस्तेर असते. तिने सूर दिला.

साठ रुपये अजून माझ्याकडेच आहेत.
दर महिन्याच्या हिशेबात
शिल्लक म्हणून दाखवतो.